बॉनेटवरचे फोड

गाड्या रंगवणाऱ्या त्या दोघा भावांत थोरल्याचं नाव मोठं होतं. त्याने रंगवलेल्या दरवाज्यात बघून भांग पाडता येतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. धाकटा धंद्यात उशिरा आला. आधी तो होड्या बनवणाऱ्या कारखान्यात होता, फायबर सांधणं-घासणं तिथेच शिकला. पण वर्कशॉपमध्ये शब्द चालायचा तो थोरल्याचा. वडील गेल्यापासून घरातही त्याचाच.

एकदा मागच्या गल्लीतल्या नर्सबाई एक बुटकी, दोन दारांची गाडी दुसऱ्या गाडीला बांधून घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांची गाडी. वडिलांची आठवण म्हणावी अशी एवढीच वस्तू आता उरली होती. मूळच्या लालवर पिवळा आणि पिवळ्यावर कुणीतरी मारलेला तपकिरी रंग, तोही जागोजागी तडकलेला. बॉडी सगळी फायबरची.

धाकट्याने बोटाने ठोकून पाहिलं आणि सांगितलं, हिला रिमूव्हर लावायचा नाही. पत्र्यावरचा रंग त्याने निघतो, पण फायबरवर तो रंगाबरोबर खालची सायही, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थरही, खातो. हिला हातानेच घासायला हवं, वेळ लागला तर लागू दे.

बाकीचे कारागीर ऐकत होते. थोरल्याला ते खटकलं.

"मी गाड्या रंगवत होतो, तेव्हा तू चड्डी सावरत फिरत होतास," तो म्हणाला. सगळे हसले. धाकटाही हसला.

दुसऱ्या दिवशी धाकटा पॉलिश पेपर आणायला बाहेर पडला आणि थोरल्याने ब्रश घेऊन बॉनेटला रिमूव्हर फासला. थोड्या वेळात रंग कातडीसारखा सुरकुतला. पत्तीने खरवडला तसा सालपटं होऊन सुटला. तो मनाशी खूश झाला. पण पुसताना फडकं चिकटायला लागलं. त्याने नख दाबून पाहिलं, तर नख रुतलं. कडेला बारीक फोड आले होते आणि मधोमध काचेचे पांढरे धागे उघडे पडले होते.

नेमक्या तेव्हाच नर्सबाई दारात उभ्या. पाठोपाठ धाकटाही कागदाची पुडकी घेऊन आला. बाईंनी त्या धाग्यांवरून हात फिरवला, जखमेच्या कडेने फिरवावा तसा.

"हे कुणी केलं?"

थोरल्याच्या जिभेवर 'मी' आलं होतं. तिथेच ते अडकलं. धाकट्याने एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडून झालं, बाई," तो म्हणाला.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थोरल्याकडे वळून शांतपणे एवढंच म्हणाल्या, की यापुढे माझ्या गाडीला तुमचाच हात लागू दे, यांचा नको. आणि थोरल्याने मान हलवली. गप्प राहणं एक वेळ देवाने पोटात घातलं असतं, पण ती हललेली मान त्याची त्यालाच पोटात घालता येईना.

आता फायबरचं काम त्याला कुठे येत होतं? धाकटा स्टुलावर बसून सांगायचा आणि तो करायचा. आधी साबणाने धू. मग मेण-तेल पुसून काढ, नाहीतर घासताना ते आत मुरेल आणि नवा रंग धरणार नाही. मऊ पडलेलं सगळं कापून टाक. काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून बसव, नीट सुकू दे. पेपर ठोकळ्याला गुंडाळ, नुसत्या बोटांनी घासलंस तर चर पडतील.

"हळू, दादा. मालिश करतोयस, मारामारी नाही."

थोरला मान वर न करता घासत राहायचा. फायबरची भुकटी बाह्यांत शिरून हात कोपरापर्यंत लाल झाले, रात्रंदिवस खाज. बायकोने मलम पुढे केलं, ते त्याने बाजूला सारलं.

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. जेवताना त्याची बायको दिराला म्हणाली, "भाऊजी, ह्यांचं थोडं ऐकलं असतंत तर? स्वतः बसून राहता आणि ह्यांचे हात बघा कसे झालेत."

"चुकलं, वहिनी," धाकटा म्हणाला आणि त्याने भात वाढून घेतला.

थोरला ताट सारून उठला. त्या संध्याकाळी तो देवापुढे उभा राहिला, पण हात जोडले गेले नाहीत. काय मागायचं? बळ मागावं, तर एक शब्द बोलायला बळ कसलं लागतं?

बॉनेटवर करडा प्रायमर बसला, त्या दिवशी बाई बघायला आल्या. तळहात टेकवून त्यांनी सबंध बॉनेट चाचपलं. कुठेच खड्डा नाही, उंचवटा नाही. त्यांचे डोळे भरून आले. "शेवटी अनुभव तो अनुभव," त्या म्हणाल्या. मग स्टुलाकडे बघत, "जरा शिका भावाकडून."

"हो, बाई," धाकटा म्हणाला.

थोरल्याने हातातला ठोकळा खाली ठेवला.

"बाई, रिमूव्हर मी लावला होता. हा नको म्हणत होता. आणि हे जे बरं झालंय, तेही ह्याने सांगितलं तसं केलं म्हणून."

बाईंनी बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"मी विचारलं तेव्हा तुम्ही इथेच होतात," बाई म्हणाल्या.

"हो."

त्या धाकट्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मला माफ करा. दरवाजे राहिलेत ना अजून? ते तुम्ही घासा." जाताना त्यांनी थोरल्याकडे पाहिलंही नाही.

धाकटा उठला, भुकटी आत शिरू नये म्हणून बाह्या मनगटापर्यंत ओढून त्याने गुंडी लावली आणि दरवाजा घासायला घेतला. "आता काय नडलं होतं सांगायला?" तो पुटपुटला. "सगळं मिटलं होतं. आणि वहिनीला सांगू नकोस, जेवण बंद करेल तुझं."

"सांगणार आहे," थोरला म्हणाला. भावाकडे बघायचा धीर त्याला होईना. पुढे काय करावं तेही सुचेना, तेव्हा दरवाजा हलू नये म्हणून दुसरी कड धरून तो उभा राहिला.