हसरं तोंड

त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून मैद्याची खळ शिजवली. बायको म्हणाली, "अहो, हात चालवा, गुठळ्या होतायत." मी म्हणालो, "तुझ्या कागदांपायी चहाचं पातेलं गेलं की!" ती हसली.

रोजचा पेपर कापून ती पुठ्ठ्यावर चित्र चिकटवायची. एका दिवसाचं एक चित्र. म्हणायची, दिवस रद्दीत घालू नये. फक्त माणसाच्या तोंडावर कात्री चालवायची नाही, कडेकडेनं कापायचं, हा तिचा नेम.

दुपारी ती दळण आणायला गेली आणि पाण्याच्या टँकरनं तिला चिरडलं.

मी फार शिकलेला नाही, पण पेपर वाचता येतो. दुसऱ्या सकाळी ती त्यात खाली कोपऱ्यात होती, बिननावाची, दोन ओळींत. वर अर्धं पान टँकरमालकाच्या वाढदिवसाचं. हसत होता. असला दिवस कसला जपायचा? पण जपणार. त्याला विसरू देणार नाही.

पातेल्यात खळ उरली होती. मी तिची कात्री घेतली, ते हसरं तोंड मधोमध कापलं आणि दोन तुकड्यांमध्ये तिच्या दोन ओळी चिकटवल्या. पुठ्ठा रस्त्याकडच्या दारावर ठोकला. त्याचे टँकर तिथूनच जातात.