ग्लेनिसचे पेंग्विन

शाळेची बस चालवायचं सोडल्यावर ग्लेनिस हॅलोरनच्या हातांना चैन पडेना. नवरा गेलेला, मुलगा पर्थला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या स्टॅनली गावात हिवाळ्यात वारा असा सुटतो की गाडीचं दार उघडायलाही दोन्ही हात लागतात. घरात बसून करायचं काय? तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुया आणि दोरे मांडले. आधी किनाऱ्यावरच्या शिंपल्यांना भोकं पाडून कानातली केली, मग चांदीच्या तारेत मणी ओवले, मग लोकरीच्या जाड कापडाची फुलं, बटवे, केसांचे पट्टे. मी शेजारीच राहते. नवीन काही झालं की ती कुंपणाशी येऊन हाक मारायची.

"खरं सांग, कसं झालंय?"

"छान झालंय."

"खोटारडी. डावं कानातलं लांब झालंय."

तिला तसं कौतुक लागायचं नाही. काहीतरी घडवत राहण्यातच तिचं मन रमायचं. बसमध्ये चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी ही धिप्पाड बाई दिव्याखाली मान घालून तांदळाएवढे मणी वेचत बसलेली पाहून मला हसू यायचं.

त्या वर्षी तिने पेंग्विन केले. आमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्रातून वर येतात तसले, बुटके, निळे. कापडाचा बोटभर पेंग्विन, मागे टाचणी, पोटात चिमुकला दिवा. पोट दाबलं की दिवा लागे. पाठीवर छोटा खिसा, आणि त्यात घड्याळात घालतात तसली नाण्याएवढी चपटी बॅटरी. सुरुवातीला ती तो खिसा घट्ट शिवून टाकायची. पण लोक कुरकुरायला लागले की दिवा विझला तर बॅटरी बदलायची कशी? मग तिने शिवण काढून खिशाला वेल्क्रो लावलं. माझ्यासमोर चारदा उघडून मिटून दाखवलं. मला पसंत पडलं.

हिवाळ्यातल्या बाजाराला गावच्या हॉलमध्ये तिचं टेबल पेंग्विननी भरलं होतं, आणि बाजार संपेपर्यंत एकही उरला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी पोस्टातली जॅनिस पेंग्विन घेऊन तिच्याकडे आली. "तुझ्या पेंग्विनचा दिवा गेला गं. धुवायला टाकला होता. बॅटरी ड्रायरच्या तळाला सापडली."

"टाचणी लावलेला पेंग्विन धुवायला कोण टाकतं, बये?"

"जॅकेटला लावलेला होता, माझं लक्षच नव्हतं."

दोघी हसल्या. मीही तिथेच चहा पीत होते, मीही हसले. जॅनिस गेल्यावर ग्लेनिसने सुईत दोरा ओवायला घेतला, आणि ओवता ओवता तिचा हात थांबला. तिने तो रिकामा पेंग्विन उचलला आणि खिशाचं वेल्क्रो करंगळीने नुसतं ढकललं. ते लगेच उघडलं. एकदा भिजल्यावर त्याची पकडच गेली होती.

"लहान मुलं काय काय तोंडात घालतात," ती म्हणाली.

"अगं, पण पेंग्विन घेतले ते मोठ्यांनी."

"सगळे नाही."

तिचा चेहरा इतका उतरला की मला आधी वाटलं तिच्या छातीत दुखतंय. मग तिने सांगितलं. बाजार संपता संपता एक लाल केसांची तरुण आई आली होती, पायात चिखलाचे बूट, कडेवर पोरगी. पोरीने दिवा बघून हात पुढे केला. शेवटचाच पेंग्विन होता. ग्लेनिसने तो आईला विकला नाही, तसाच दिला, आणि स्वतःच्या हाताने पोरीच्या कोटाला लावला. वर पोरीचं बोट धरून पोट दाबायलाही शिकवलं.

"मी शिकवलं तिला," ती दोनदा म्हणाली.

ती बॅटरी घशात अडकली तर काय होतं हे तिने कधीतरी रेडिओवर ऐकलं होतं. नुसतं गुदमरणं नव्हे. थुंकी लागली की ती आतून जाळायला लागते, आणि तेही तासाभरात. ऐकलं तेव्हा पेंग्विन डोक्यातही नव्हते, म्हणून ते कुठेतरी मागे पडून राहिलं होतं. आता सगळं एकदम आठवलं.

गावातले पेंग्विन गोळा करायचं काम जॅनिसने अंगावर घेतलं. पण ती आई गावातली नव्हती. ग्लेनिसला तिचं एकच वाक्य आठवत होतं, की दूध काढायची वेळ झाली, निघायला हवं. म्हणजे गाईगुरांचं शेत. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात आम्ही विचारलं. दुकानदार म्हणाला, "चिखलाचे बूट आणि कडेवर पोर? अख्खा जिल्हाच तसा आहे." पण लाल केस म्हटल्यावर त्याला उमगलं. टेगन, माराव्हाच्या पलीकडची. नवरा ब्रोडी. त्याने मोबाइलचा नंबर दिला. फोन लागेना. तिकडे रेंज मिळते ती देवाच्या मर्जीने.

"मी चालवते," मी म्हटलं. ग्लेनिसने वाद न घालता किल्ली माझ्या हातात दिली. गाडी दुसरं कोणी चालवतंय आणि ती शेजारी बसलीय हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना वाऱ्याने एकाच दिशेला वाकवलेली झाडं, ओली कुरणं, गाई पाठ फिरवून उभ्या. कोटाच्या अस्तराची शिवण ग्लेनिस नखाने उसवत होती, टाका टाका करून, आणि आपण उसवतोय हे तिच्या गावी नव्हतं.

"कदाचित पेंग्विन कपाटात पडला असेल," मी म्हटलं.

"हो."

"कदाचित हरवलाही असेल."

"बोलू नकोस ना जरा."

टेगनने दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ग्लेनिसला ओळखून ती हसली. "अय्या, पेंग्विनवाल्या! या ना. घरात पसारा आहे हं. इमीला सर्दी झालीय, कालपासून नुसती किरकिर."

इमी सोफ्यावर होती, सव्वा वर्षाची असेल. रडत नव्हती. तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवरून लाळ गळून छातीवरचं कापड ओलं चिंब. मान थोडी मागे टाकून ती श्वास घेत होती. सर्दीत लाळ अशी गळत नाही हे मलाही कळलं.

"खातेय का काही?" ग्लेनिसने विचारलं. आवाज तिने कसाबसा साधा ठेवला होता.

"नाही हो. केळं दिलं तर थुंकून टाकलं. दात येत असतील."

"पेंग्विन कुठाय?"

"तो काय, बाबागाडीला."

बाबागाडीच्या दांडीला पेंग्विन लटकत होता, चोखून चोखून ओलसर झालेला. ग्लेनिसने तो उलटा केला. खिसा उघडा, आत काही नाही.

तिने टेगनला सांगितलं. काही लपवलं नाही आणि सौम्यही केलं नाही. मी केलंय हे, याला जे झाकण लावलं ते नीट नव्हतं, आत बॅटरी होती, ती आता नाही, आणि ती हिच्या घशात असू शकते.

टेगन म्हणाली, "पडली असेल इथेच कुठेतरी." आणि गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घालायला लागली. मीही बसले. गालिचा उचलला, खेळण्यांची टोपली उपडी केली, कुत्र्याची गादी झटकली. प्रत्येक ठिकाणी आता दिसेल, आता दिसेल असं वाटे. एकदा काहीतरी चकाकलं, मी झडप घातली. कोटाचं बटण निघालं.

ग्लेनिस शोधत नव्हती. घरातल्या फोनवरून तिने विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला होता. पलीकडची बाई जे सांगेल ते ती मोठ्याने म्हणत होती. खायला-प्यायला काही द्यायचं नाही. ओकायला लावायचं नाही. घरात शोधत बसायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं, ताबडतोब.

"तुम्ही मला घाबरवताय!" टेगन ओरडली. "दात येतायत तिला! उगाच येऊन काहीही सांगायचं!"

ओरडा ऐकून ब्रोडी गोठ्यातून आला, हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले. त्याने बायकोकडे पाहिलं, अनोळखी म्हाताऱ्या बाईकडे पाहिलं, मग पोरीकडे. तेवढ्यात इमीला खोकला आला आणि लाळेत लालसर धागा दिसला. ब्रोडीने हातही न धुता भिंतीवरची गाडीची किल्ली घेतली, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग निघालो.

जवळच्या स्मिथटनचं रुग्णालय छोटं आहे, पण एक्स-रेला त्यांनी जराही उशीर केला नाही. डॉक्टर तरुण होती, इमीशी लाडालाडाने बोलत होती. पडद्यावर चित्र उमटलं आणि तिचं बोलणं थांबलं. पोरीच्या इवल्या फासळ्यांच्या मधोमध, गळ्याच्या खाली, पांढरा स्वच्छ गोल.

"नाणं आहे का?" ब्रोडीने विचारलं. त्याच्या आवाजातली आशा ऐकवत नव्हती.

डॉक्टरने बोट ठेवलं. गोलाच्या आत, कडेला लागून, आणखी एक बारीक गोल होता. "नाण्याला ही दुसरी रेघ नसते," ती म्हणाली, आणि फोनकडे धावली.

हेलिकॉप्टर पोरीला होबार्टच्या मोठ्या रुग्णालयात नेणार होतं. आत एकट्या आईला जागा. मागच्या मैदानावर पंख्याच्या वाऱ्यात आम्ही उभे असताना ग्लेनिस टेगनच्या जवळ जायला निघाली. ब्रोडी मध्ये आला.

"तुम्ही नाही," तो म्हणाला. "तुम्ही लांबच राहा."

ती जागच्या जागी थांबली. हेलिकॉप्टर डोंगराआड गेलं तरी ती तिथेच होती. हात धरून गाडीपर्यंत न्यावं लागलं.

बॅटरी त्याच संध्याकाळी निघाली. मला वाटलं, संपलं. पण भीतीला खरी सुरुवात तिथून झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतली जखम खोल आहे, शेजारी मोठी रक्तवाहिनी आहे, आणि बॅटरी काढल्यानंतरही कित्येक दिवसांनी ती फुटू शकते. काही करता येत नाही, लक्ष ठेवायचं आणि वाट बघायची. पोरगी नाकातल्या नळीने जेवत होती.

त्या दिवसांत ग्लेनिसला फोन वाजलेला सहन होईना. वाजला की ती टेबलाची कड धरायची. उचलायची मीच. जॅनिसने गावातले पेंग्विन आणून दिले होते. ग्लेनिसने प्रत्येकाची बॅटरी काढली आणि मग तो कात्रीने कापला. पर्यटकांनी नेलेले सापडणं शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी ती स्वतः रेडिओवर बोलली, आपलं नाव सांगून. गावात काहींना ते आवडलं नाही. "एवढा गाजावाजा कशाला? बाजाराचं नाव खराब होतं," हॉलवाल्या बाईंनी तिला तोंडावर ऐकवलं. ग्लेनिस म्हणाली, "होऊ दे."

मग एके दिवशी टेगनचाच फोन आला. मीच उचलला. ती एवढंच म्हणाली, "त्यांना यायचं असेल तर येऊ द्या. ब्रोडी शेतावर परत गेलाय. मला झोप हवीय."

आम्ही होबार्टला गेलो. खोलीच्या दाराशी ग्लेनिसचे पाय अडले. इमी झोपली होती, गालाला चिकटपट्टी, नाकात नळी. टेगन कितीतरी वाळली होती. ती ग्लेनिसला म्हणाली, "मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही. मला काय वाटतं ते मलाच कळत नाही. पण तुम्ही आला नसता तर मी तिला सर्दीचं औषध देत बसले असते. हे मला रोज आठवतं आणि रोज घाम फुटतो." मग तिने खुर्ची ओढून दिली. "इथे बसा. तोंडातून रक्ताचा थेंब जरी दिसला तरी हे लाल बटण दाबा. नर्सला हाका मारत बसू नका, बटण दाबा."

आणि ती बाजूच्या खाटेवर पडली ती लगेच झोपलीच.

ग्लेनिस खुर्चीच्या काठावर बसली, अंगठा बटणाजवळ, डोळे पोरीच्या ओठांवर. पोरीने कूस बदलली की ती आणखी पुढे झुकायची. मी चहा आणला तो तसाच गार झाला. दुपार सरली, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, तरी तिने पाठ टेकली नाही. मध्येच पुटपुटली, "बस चालवताना मला कधी भीती वाटली नाही गं. बर्फावरूनसुद्धा नाही."

त्या दिवशी रक्त आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. वसंतात नळी निघाली आणि इमी घरी गेली. आज ती शाळेत जाते. अन्ननलिका जखमेच्या जागी आवळली आहे, म्हणून मधूनमधून होबार्टला नेऊन ती रुंद करून आणावी लागते, आणि पावाचा तुकडा मोठा असला की अडकतो. टेगन नाताळला पत्राऐवजी फोन करते, ग्लेनिसशी पाच मिनिटं बोलते. ब्रोडी बोलत नाही. रस्त्यात समोर आला तर टोपीला हात लावतो आणि पुढे जातो. त्याहून जास्त ग्लेनिसने कधी मागितलंही नाही.

पुढचा हिवाळा तिने सुईशिवाय काढला. नंतर पुन्हा बसली, पण आता फक्त बटवे आणि केसांचे पट्टे शिवते. मणी नाहीत, बटणं नाहीत, सुटं होईल असं काहीही नाही. मागच्या आठवड्यात एक बटवा मला दाखवायला आणला. मी छान झालाय म्हणायच्या आधीच तिने त्याची शिवण दोन्ही हातांनी अशी ताणली की कापड करकरलं. मग दुसऱ्या बाजूची ताणली. मग तळाची. तिचं समाधान होईपर्यंत मी थांबून राहिले.