दळण टाकून पळणारे दिगूभावजी

पिठाची गिरणी बंद करता येत नाही अशी एकही बाई आमच्या गावात सापडायची नाही. शिकवलं कुणी नाही, शिकावंच लागलं. कारण गिरणीचे मालक, माझे धाकटे दीर दिगंबर, आमचे दिगूभावजी, आग लागल्याचं कानावर पडलं की दळण अर्ध्यात टाकून पळायचे. पट्टा फिरतोय, वरून ज्वारी गळतेय, खाली पीठ पडतंय आणि भावजी पार नदीपलीकडे! जिचं दळण लावलेलं असेल तिनं ते पुरं करायचं, बटण दाबायचं आणि दार ओढून घ्यायचं, असा रिवाजच पडला होता.

जाताना पांढरे, येताना काळे. मी म्हणायचे, "भावजी, आधी तोंड धुवा, ओळखू तरी येऊ द्या." ते दात काढून म्हणायचे, "वैनी, पीठ असो का राख, अंगाला लागल्याबिगर काम केलं असं वाटतच न्हाई बगा."

आमचं गाव तालुक्याच्या पालमपासून आडवळणाला. तिकडून बंब येईपर्यंत कडब्याची गंजी जळून थंडसुद्धा झालेली असायची. म्हणून भावजींनी गावातली धट्टीकट्टी माणसं जमवली. ओली गोणपाटं कशी मारायची, बादल्या हातोहात कशा सरकवायच्या, सगळं त्यांना शिकवलं. पगार नाही, वर्दी नाही, कमरेला फक्त एक विळा. तो दावी कापायला. आगीत त्यांना पाण्याआधी जनावरं दिसायची. "नुसती सोडू नका, लांब नेऊन बांधा!" ते ओरडायचे. "भ्यालेलं जनावर परत आपल्याच दावणीला पळतंय!"

माणूस तसा हट्टी. शेताशेजारच्या दत्तरावांशी बांधावरून भांडण झालेलं, तेव्हापासून बोलणं बंद. एकदा दत्तरावांचीच गंजी पेटली. भावजी सगळ्यांच्या पुढे. पण बोलणार कसे? दत्तराव हातभर अंतरावर उभे आणि भावजी माझ्या नवऱ्याला सांगतायत, "दादा, त्यांना म्हणावं धोतर सांभाळा, पेटायलंय!" दत्तराव धोतर झटकत म्हणाले, "त्याला म्हणावं, दिसलं मला." मेलं कसलं हे भांडण! गंजी विझली आणि दोघं दोन वाटांनी घरी गेले.

या सगळ्यात जीव टांगणीला लागायचा तो माझ्या जावेचा, सुमनचा. एकदा भावजींचा दंड भाजला आणि तिनं धसकाच घेतला. "गावाला दुसरा दिगू भेटल हो," ती म्हणाली, "मला आन् पोरीला कुठून भेटल?"  भावजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आत पाय टाकणार न्हाई. बाहेरूनच इझवीन. तुझी आन." आणि खरंच, त्यानंतर ते कुठल्याही पेटत्या घरात शिरले नाहीत. सुमनला जरा झोप लागायला लागली.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी दत्तरावांचा गोठा पेटला. भावजींच्या माणसांनी दावी कापून बैल बाहेर काढले, म्हैस काढली. दत्तराव दोन्ही बैलांचे कासरे धरून उभे होते, म्हैस तशीच मोकळी. "दत्ता, म्हैस बांध!" भावजी ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेट. दत्तराव त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले आणि तेवढ्यात म्हैस वळली ती सरळ धुरात, आपल्या दावणीकडे. भावजी गोठ्याच्या दाराशी जरा थांबले होते, असं दत्तराव नंतर रडत रडत सांगत होते. मला वाटतं, तेव्हा त्यांना सुमन आठवली असेल. मग ते आत गेले. म्हैस बाहेर आली. तिच्या मागे छपराचं आढं कोसळलं.

मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. म्हशीसाठी कुणी मरतं का हो? मी रडताना त्यांना शिव्याच घातल्या.

तेराव्याला सगळं गाव पंगतीला बसलं. वाढायला दत्तराव स्वतः उभे होते. लोकांनी पहिला घास घेतला असेल नसेल, तोच कुणीतरी ओरडलं, "आखाड्यावर धूर दिसायलाय! कुणाचा तरी शेतातला गोठा पेटलाय!" कुणी हलेना. तेराव्याच्या ताटावरून अर्ध्यात उठू नये, गेलेल्याच्या जिवाला ते लागतं, असं आमच्याकडे मानतात. सगळे माना खाली घालून चोरून सुमनकडे बघत होते. मी मनात म्हटलं, हिनं कुणाला जा म्हणावं तरी का?

सुमन चुलीपासून उठून आली. दत्तरावांच्या हातातली वरणाची बादली तिनं घेतली, पातेल्यात उपडी केली आणि रिकामी बादली त्यांच्या हातात दिली.

"बसलाव काय?" ती पंगतीला म्हणाली. "त्यांनी तरी कवा ताट पुरं केलं होतं? उठा!" मग एकेकाकडे बघत म्हणाली, "पर आत कुणी जायचं न्हाई. माझी आन हाय समद्यास्नी."

पंगत उठली. आखाड्यावरचा धूर कमी होत गेला तरी सुमन दारातच उभी होती. शेवटचा माणूस परत आल्यावर ती आत वळली आणि मला म्हणाली, "जाऊबाई, वरण गरम करा. समदे उपाशी हायेत."