नळावरच्या घागरी आणि माझी आत्या

माझी आत्या गोड म्हातारी वगैरे अजिबात नव्हती.

सकाळी गेली ती. शंभरी ओलांडून गेली. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर फुलं, पणत्या आणि "किती शांत, किती सोशिक" चालू आहे.

सोशिक! अरे, तिला सोसायला लावलं कुणी? आपल्याच घरानं ना?

मी पंचवीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. सत्ता म्हणजे काय, अधिकार म्हणजे काय, व्याख्या लिहा, पाच मार्क. आत्याची शाळा मराठी चौथीत सुटली. आणि तरी या विषयातलं मला जे खरोखर कळलं, ते तिच्याकडून कळलं.

आज ग्रुपवर हे कुणी लिहिणार नाही. म्हणून मी लिहिते.

आत्या चौथीत होती तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. सोलापुरातला १९३० सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झालेली. वर्गात 'राज्य' शब्द निघाला तरी हेडमास्तर खिडक्या लावून घ्यायचे म्हणे.

आत्याच्या वर्गाला एक तरुण मास्तर होते. दुधनीकडचे. मराठी बोलता बोलता कानडीत घुसायचे.

ते पोरांना म्हणाले, "सरकार पुस्तकात शोधू नका. आपापल्या गल्लीतल्या नळावर जाऊन बसा, आठ दिवस. आधी बघायचं. मग विचारायचं. त्याला काय म्हणायचं ते सगळ्यात शेवटी ठरवायचं."

आणि एक ताकीद दिली. "माणसांची नावं लिहायची नाहीत. नुसत्या घागरी लिहा."

शुक्रवार पेठेतल्या त्या नळावर रांग माणसांची नसायचीच, घागरींची असायची. बायका घागर ठेवून घरी जायच्या, पाणी आलं की धावत यायच्या. ज्याची घागर पहिली, त्याला पाणी पहिलं. असं सगळे सांगायचे.

दहा वर्षांची आत्या वही घेऊन आठ दिवस तिथं बसली.

तिला काय दिसलं? एका घराच्या पितळी घागरी सगळ्यांत शेवटी यायच्या आणि सगळ्यांत आधी भरायच्या. त्यांचा गडी यायचा, बाकीच्या घागरी पायानं सरकवायचा. कुणी चकार शब्द काढायचं नाही.

आणि पलीकडच्या वस्तीतल्या बायका? त्यांच्या घागरींना रांगेत जागाच नव्हती. नळाला हात लावायची बंदी. कुणीतरी वरून ओतेल म्हणून त्या लांब उन्हात बसून राहायच्या.

आत्यानं वर्गात वही वाचली. मास्तरांनी विचारलं, "त्या गड्यानं कुणाला मारलं?"

"न्हाय."

"दम दिला?"

"न्हाय, मास्तर."

"मग बायका गप का बसल्या?"

आत्या म्हणाली, "सवय हाय की त्यांला."

मास्तर खुर्चीवरून उठलेच. "मारून ऐकायला लावलं तर ते नुसतं बळ. न मारता ऐकतात, ती सत्ता. आणि हे असंच असायला पाहिजे असं ऐकणाऱ्यालाच वाटायला लागलं, की झाला त्याचा अधिकार!"

एवढंच शिकवायला मी दोन लेक्चरं घेते. पोरं जांभया देतात.

आता आत्याची चूक ऐका. तिनं माणसाचं नाव लिहिलं नव्हतं. घागरच लिहिली होती. पण आपण भांड्यांवर नाव घालून घेतो की नाही? तसं त्या घागरीवर मालकाचं नाव कोरलेलं होतं. पोरीनं घागर जशी दिसली तशी उतरवली. नाव, आडनाव, गाव, सगळं.

ते घर स्कूल बोर्डाच्या एका मेंबरांचं. नव्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. आणि त्या दुकानात दिवाणजी कोण? आत्याचे वडील. म्हणजे माझे आजोबा.

वर्गातली बातमी मेंबरांच्या कानावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले. मागे आजोबा, टोपी हातात.

मास्तर म्हणाले, "पोरीला नळावर मी बसवलं. तिनं दिसलं ते लिहिलं."

मेंबर म्हणाले, "पोरगीच बोलू दे की."

आजोबा आत्याच्या कानाशी वाकले. "मास्तरांनी सांगून लिहून घेतलं म्हण, बाई. तेवढंच म्हण. घर बुडंल."

ती तसं म्हणाली.

झालं. पोरांना राजकारण शिकवतो, खोटं लिहायला लावतो, असा ठपका ठेवून आठवड्याच्या आत मास्तरांना काढलं. जाताना ते आत्याला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. वही जपून ठेव."

वही आजोबांनी चुलीत घातली. शाळाही बंद केली. पोरगी फार बघते म्हणून!

आजोबांची नोकरी राहिली. त्या नोकरीवर माझे वडील शिकले. त्यांच्या जिवावर मी शिकले, प्रोफेसर झाले, पुरस्कार घेतले, भाषणं ठोकली. माझी पहिली पायरी त्या खोट्यावर उभी आहे. मला आज मेंबरांचा संताप येतो, आजोबांचा येतो, आणि खरं सांगू, माझाही येतो. त्या खोट्याचं तिच्या मनात काय राहिलंय, हे मी तिला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मेंबरांचा फोटो अजून कुठल्या कुठल्या हॉलमध्ये लटकतो. मास्तरांचं आडनावसुद्धा कुणाला माहीत नाही.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये आत्यानं माझा हात धरला.

"तुझ्या त्या फेसबुकावर लोक वाचतात व्हय गं?"

"वाचतात की."

"मग लिही. मास्तरांचं कोण असंल तर वाचंल."

"काय लिहू?"

तिनं एकेक शब्द सावकाश सांगितला, मला लिहून घेता यावं म्हणून.

"मास्तरांनी सांगितलं न्हवतं. मी बघितलं, मीच लिहिलं. वर्गात मी खोटं बोलले."

लिहिलं, आत्या. तुझ्या शब्दांत लिहिलं.

जा आता. मास्तर भेटले तर मान खाली घालू नकोस.