आमच्या घरातलं पहिलं लायसन

बारा वर्षं मी कासुर्डीहून यवतला मोटारसायकलवर शेवंती पोचवते आहे. टाकीवर एक गाठोडं, मागं दोन. त्यामुळं आपल्याला गाडी येते, असा माझा समज होता. गेल्या वर्षी यवतच्या पुलाखाली एका महिला पोलिसानं तो दूर केला.

"ताई, लायसन?"

"घरी राहिलंय."

"मग घरून फोटो मागवा."

मी सासऱ्यांना फोन लावला. मला गाडी शिकवली ती आबांनीच, कालव्याच्या रस्त्यावर. अर्ध्या तासानं त्यांचा उलट फोन आला. "कपाट बघितलं, ट्रंक बघितली. घरात कुणाचंच न्हाई."

"आबा, तुमचं?"

"माझं कवा काढलंतं?"

घरात तीन गाड्या, पाच चालवणारे, आणि आबांची तर चाळीस वर्षांची सेवा. मी दंड भरला, फुलं अर्ध्या भावात गेली, आणि मी नि आबा, दोघांनी लायसन काढायचं ठरलं.

लर्निंगची परीक्षा आता घरबसल्या होते. मोबाईलचा कॅमेरा आपल्या तोंडाकडं बघत बसतो आणि आपण प्रश्न सोडवायचे. मी बसले. आबा शेजारी उभे, केवळ धीर द्यायला.

प्रश्न आला : चौकात सिग्नल नसेल तर आधी कुणाला जाऊ द्याल?

"ज्याची गाडी मोठी त्याला," आबा म्हणाले आणि पर्याय दिसेनात म्हणून स्क्रीनवर वाकले. कॅमेऱ्यानं दुसरं तोंड पाहिलं आणि परीक्षा बंद केली. आबांच्या मते मशीनमध्ये बिघाड होता. दुसऱ्या वेळी मी त्यांना गोठ्यात पाठवलं आणि पास झाले.

आबांच्या अर्जाला मात्र वयामुळं डॉक्टरचा दाखला लागणार होता. "मला काय झालंय?" असं म्हणत ते मला मागं बसवून यवतला आले. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला सांगून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली.

"कुठली अक्षरं?" आबांनी विचारलं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. म्हणजे सोलापूर हायवे ते एका डोळ्यानं ओलांडत होते, आणि मागच्या सीटवर बसून आम्ही सगळे त्यांच्या सफाईचं कौतुक करत होतो. दवाखान्यातून बाहेर आल्यावर आबा गाडीजवळ गेले. मग त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मला टोमणा सुचला होता, पण मी किक मारली.

महिन्यानं माझी पक्क्या लायसनची टेस्ट दौंडला होती. शिकाऊ माणसासोबत लायसनवाला हवा, हे आता मला पाठ होतं. आमच्या घरात तो मिळणं अवघड. म्हणून गाडी फुलांच्या टेम्पोत चढवली. बारा वर्षं बिनधास्त पळालेली गाडी परीक्षेला मात्र दोरीनं बांधून निघाली. आबा ड्रायव्हरशेजारी बसून त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगत होते.

मैदानावर आरटीओच्या साहेबांनी माझ्या साडीकडं पाहिलं. "स्कूटी कुठंय?"

"हीच गाडी हाय, साहेब."

"गिअरची? बरं. आठचा आकडा काढा. पाय टेकवायचा नाही."

माझ्या आधीच्या तीन पोरांनी ऐटीत येऊन पाय टेकवले होते. मी उसाच्या बांधावरून ओझं घेऊन येणारी बाई; मला ते मैदान म्हणजे चैन होती. दोनदा आठ काढून थांबले.

"किती दिवस चालवताय?"

खरं बोलावं तर गुन्हा. "महिनाच झाला," मी म्हणाले.

"महिन्याच्या मानानं बरी चालवता," साहेब म्हणाले आणि सही केली. लांब उभे राहिलेले आबा तोंडाला उपरणं लावून हसत होते.

आबांचं ऑपरेशन शिरूरला झालं, नणंदेकडं राहून. तपासणीनंतर मी त्यांना आणायला गेले, पिशवीत लायसन, डोक्यावर हेल्मेट. काळा चष्मा लावून ते मागं बसले. चौफुल्याच्या अलीकडं त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"सूनबाई, रस्त्याला एवढं खड्डं कवा पडलं?"

"पहिल्यापासनं हायती, आबा."

त्यांनी दुसराही हात माझ्या खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "हळू घे."