तोडीची वेळ

झाशीत राहून मी जितके यमन ऐकलेत, तितके यमनने स्वतः ऐकले नसतील. गाणारे बदलतात, सत्काराच्या शालीचा रंग बदलतो, यमन ठरलेला. त्यात गवयांचा दोष नाही. आमच्याकडे मैफल म्हणजे संध्याकाळची. मंडळी कचेरीतून सुटणार, घरी चहा पिणार, बायकोला स्कूटरवर मागे बसवून सभागृहात येणार, मग समई लागणार. त्या वेळेला सकाळचा राग कोण गाईल? त्यामुळे पन्नाशी उलटली तरी मी समोर बसून तोडी ऐकली नव्हती.

अर्थात माझ्यासारख्याला काय फरक पडणार होता म्हणा. मी समेच्या आधीच "क्या बात है" म्हणणारा माणूस. शेजारी बसलेली आई मला कोपराने ढोसते आणि दबक्या आवाजात म्हणते, "यायचीय अजून ती!" मग सम येते, सगळे माना डोलावतात आणि मी चष्मा पुसत बसतो.

तोडी हवी होती ती आईला. तिचं माहेर ग्वाल्हेरचं. तिच्या वडिलांकडे रविवारी सकाळी गाण्याची बैठक असायची आणि ही मुलगी दाराशी बसून ऐकायची. लग्न होऊन झाशीला आली आणि सकाळचं गाणं तिथेच राहिलं. ग्वाल्हेर काही सातासमुद्रापार नाही, पण सकाळी सासरचा चहा-नाश्ता टाकून गाणं ऐकायला माहेरी जाते, असं कोणती सून म्हणणार? पुढे म्हणता आलं असतं, तेव्हा त्या बैठका उरल्या नव्हत्या.

आता तिच्या एका कानाने केव्हाच राजीनामा दिलाय. दुसऱ्यात मशीन आहे. सदर बाजारातले डॉक्टर मागच्या वेळी म्हणाले, "माताजी को जो सुनाना हो, सुना लीजिए." मी लगेच मोबाइलवर तोडी लावून तिच्या कानाशी धरली. तिने जरा वेळ ऐकली आणि हात बाजूला केला. "एक मशीन गातंय, एक मशीन ऐकतंय. मी मध्ये कशाला?"

म्हणून पुण्याच्या एक गायिका दिल्लीला जाताना झाशीत उतरणार असं कळलं, तेव्हा मराठी मंडळाच्या बैठकीत मी हट्ट धरला, की गाणं रविवारी सकाळी ठेवायचं. मंडळात माझं पद सतरंज्या घालणाऱ्याचं. अध्यक्ष चिडले की हिंदीत शिरतात. "अरे भैया, रविवारी सकाळी लोग सब्जी लाएँगे कि तुमचं गाणं ऐकतील?" शेवटी दोन अटींवर ठरलं. आधी पोहे-जिलेबी द्यायची आणि मुख्य अतिथी बोलवायचे.

बाई आमच्याच घरी उतरल्या. बाहेरून आलेला कलावंत कुणा एकाच्या घरी राहतो, ही आमच्या मंडळींची जुनी चाल. पुढच्या खोलीत त्यांचे तानपुरे उभे राहिले, तेव्हा आई त्यांना लांबूनच न्याहाळत होती, जशी मुलीकडची माणसं आल्यावर न्याहाळतात. बाईंनी मला बजावलं, "तोडी नक्की गाते. पण ऊन चढायच्या आत बसवा हं मला."

रविवारी उजाडताच मी सतरंज्या घालायला गेलो आणि बायको पोह्यांच्या कढईवर. ऊन कोवळं होतं. माइकवाल्याचं "हॅलो, हॅलो" संपल्यावर बाईंना आणि आईला न्यायला घरी आलो, तर दारातच जळक्या दुधाचा वास. ओट्यावर दूध पसरलेलं, पातेल्याचा कोळसा झालेला. आणि आई पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी स्टुलावर स्वस्थ बसलेली.

"अगं, घर पेटवतेस का? नाक पण गेलं का आता?"

मशीन तिच्या कानात नव्हतं, मुठीत होतं. म्हणजे माझा अर्धा राग वायाच गेला. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल. बाईंना उशीर होईल."

उशीर बाईंमुळे झालाच नाही. लोक आले, पोहे खाल्ले, आणखी पोहे खाल्ले. मुख्य अतिथी इलाइट चौराह्यावर अडकले होते. "बस, पहुँच ही गए," असं ते फोनवर सांगत होते आणि पोचत नव्हते. त्यांच्याशिवाय समई लावायची हिंमत कुणाला होईना. मी अध्यक्षांच्या कानाशी लागलो, "ऊन चढतंय." ते म्हणाले, "पंखे आहेत ना!"

अतिथी आले. समई लागली, शाली पांघरल्या गेल्या. पहाटे उठण्याचं महत्त्व या विषयावर ते बराच वेळ बोलले. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, तानपुरे पुन्हा लावून घेतले आणि हात जोडून म्हणाल्या, "तोडीची वेळ टळली. सारंग गाते."

सारंग सुरेखच झाला असणार. लोक तसं म्हणत होते. मी मात्र त्या दिवशी समेच्या आधीही बोललो नाही आणि नंतरही नाही. आईकडे बघवेना. ती मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती, आणि मला वाटलं, किती गोड मानून घेते ही.

दुपारच्या गाडीने बाई गेल्या. बायको पातेलं घासायला बसली, तेव्हा मी आईपाशी गेलो. "राहिलीच बघ तोडी. त्या अतिथीला मी—"

"माझी झाली."

"काय झाली?"

"तोडी. तू सतरंज्या घालत होतास ना, तेव्हा. बाई एकट्याच गात होत्या. मी दार जरासं ढकललं. त्या हसल्या, आत बोलावलं. म्हटलं नको, मला दाराशीच बरं. मग त्यांनी गळा मोकळा सोडला. मशीन काढून ठेवलं मी. लागलंच नाही."

"आणि मला फोन नाही केलास?"

"फोन आतल्या खोलीत. गाणं चालू असताना उठतात का?"

"आणि दूध?"

"वास आला होता की मला. लगेच आला होता."

मोरीतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्यावर तारेच्या घासणीचा.

"कशी होती गं?" मी विचारलं.

आईने तोंड उघडलं, हात थोडा वर नेला, आणि तो तिथेच राहिला. मी वाट पाहिली. आज पहिल्यांदाच मी घाई केली नाही. पण तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "तू हवा होतास."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जायच्या आधी मी पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेलो. स्टूल तिथेच होतं. बसलो. आत पलंगावर बाईंच्या अंथरुणाची घडी होती, भिंतीशी तानपुऱ्यांची जागा रिकामी होती. दूध मी पुन्हा पुन्हा बघून, सांभाळून तापवलं होतं.

आई चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आता काय बसलायस? बाई दिल्लीला पोचल्या असतील."

"असू दे," मी म्हटलं. "वेळ तीच आहे."

तिने कप माझ्या हातात दिला, मशीन कानातून काढलं आणि दाराच्या चौकटीला टेकून तीही थोडा वेळ उभी राहिली.