कुंदाताईची बारीक मासोळी

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आणि विलास शेतात वांगी तोडत होतो. विलास माझा नवरा, कुंदाताई त्याची थोरली बहीण. पिपरी मेघेला तिच्या शेजारी राहणाऱ्या काकू रडत सांगत होत्या, "अंगण झाडता झाडता बसल्या, अन् गेल्याच..." माझा आधी विश्वासच बसला नाही. एवढा गाजावाजा करणारी बाई अशी गुपचूप जाईलच कशी? महिना होत आला, अजून तसंच वाटतं.

हिंगणघाटजवळच्या आमच्या भाजीच्या मळ्यात वाढलेली ही मुलगी रसायनशास्त्र शिकली आणि नोकरीला थेट समुद्रकाठी गेली. बंदरावरच्या प्रयोगशाळेत मासे तपासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर पिपरी मेघेला घर घेतलं आणि दर रविवारी आमच्याकडे यायला लागली. ती आली की घरात जत्रा भरायची. हात पसरून माशांची लांबी दाखवताना हमखास कुणाचा तरी चहा सांडायचा. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता, पण तिच्या तोंडून ऐकताना तो गोठ्याच्या पलीकडेच आहे असं वाटायचं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मला पाचवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे सगळं घर मला जपत होतं. जाम गावच्या चौफुलीवर गजाननभाऊ बर्फातली समुद्राची मासोळी विकतात. ती खाल्ली की मूल हुशार होतं असं विलासनं कुठंतरी ऐकलं, आणि तो आठवड्यातून तीन-चारदा मोठ्या मासोळीचे जाड तुकडे आणू लागला. महिनाभर मी ते आवडीनं खाल्ले. एका रविवारी ताटात तोच तुकडा होता, कुंदाताई दारातून आत आली, तिनं ताटाकडे पाहिलं आणि ओरडली, "वैशाली, थांब! हे तर मोरी हाये!"

मोरी म्हणजे शार्क. माझा हात जागीच थांबला.

"काऊन वो ताई, सडकी हाये का?" विलास घाबरला.

"ताजी हाये रे! पण हिच्यात पारा राह्यते." ती पाटावर बसली आणि भराभर सांगू लागली. कारखान्यांच्या, कोळशाच्या धुरातला पारा शेवटी समुद्रात उतरतो. तो शेवाळात जातो, शेवाळातून बारीक जीवांत. त्यांना लहान मासा खातो, तशा ढीगभर लहान माशांना मोठा, अन् मोठ्यांना मोरी. प्रत्येकाच्या अंगातला पारा खाणाऱ्याच्या अंगात साठत जातो. "धुतल्यानं जात नाई, तळल्यानं जात नाई. पोटातल्या लेकराच्या मेंदूले त्याचा त्रास होऊ शकते."

सासूबाई उसळल्या. "कुंदे, पोरानं मायेनं आणलं, अन् तू जेवत्या ताटावर जहर म्हणून राह्यली!"

"माय, माया खरी हाये. मासोळी चुकली."

विलास उठून बाहेर गेला. मी न्हाणीजवळ बसून ढसाढसा रडले... महिनाभर खाल्लेलं कसं काढू? कुंदाताईनं माझं तोंड पुसलं. "घाबरू नको. आता बंद केलं की शरीर हळूहळू काढते बाहेर. उद्या नागपूरले जाऊ, रक्त तपासू. अंदाजानं काऊन रडायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नागपूरला गेलो. अहवाल यायला आठवडा लागणार होता. तेवढे दिवस ती आमच्याकडेच राहिली, मला डाळ, अंडी, पालक खाऊ घातला, आणि तिच्या बंदरावरच्या गोष्टींनी हसवलं. मग फोन आला. तिनं तो ऐकला, आणि पदर खोचून अंगणात अक्षरशः उडी मारली. "पारा धोक्याच्या खाली हाये! विलास, अरे खाली हाये!" विलास वाफ्यातून चिखलाच्या पायांनी धावत आला आणि बहिणीच्या गळ्यात पडला. सासूबाई देवापुढं साखर ठेवायला गेल्या आणि डबाच सांडला. पुढं सगळं नीट पार पडलं. आमची मुक्ता झाली... रडणं असं दणदणीत, की कुंदाताई म्हणाली, "आत्यावर गेली!"

पण ती एवढ्यावर थांबणारी नव्हती. अहवालाची वाट बघत होतो त्याच आठवड्यात ती जामला गजाननभाऊंकडे गेली होती. सोबत मी होते. गिऱ्हाइकांसमोर तिनं पाऱ्याचा विषय काढताच ते तापले, "बाई, माह्या पोटावर पाय देऊन राह्यल्या का तुम्ही?"

"नाई भाऊ! मासोळी बंद करा सांगाले आली नाई मी. बारीक आणा. तारली आणा, बांगडे आणा. त्याइच्यात पारा कमी, अन् ताकद भरपूर. गर्भार बाईले अन् लेकराइले मोरी देऊ नका, बस."

"इथं बांगडा कोण खाईन?"

"पुढच्या रविवारी मी शिजवून आणीन. मग पाहा!"

आणि आणला की! आमच्या वऱ्हाडी काळ्या मसाल्यातला, भलं मोठं पातेलं भरून. चौफुलीवर उतरलेल्या लोकांना ती बोलावून बोलावून खाऊ घालत होती. शेवटी गजाननभाऊंनीच पातेलं पुसून खाल्लं. आज त्यांच्याकडे मोरी मिळत नाही, आणि गर्भार बाई आली की ते स्वतःच विचारतात, कितवा महिना?

गेल्या रविवारी आम्ही पिपरी मेघेचं घर आवरायला गेलो. सगळ्या खोल्या झाल्या, शेवटी स्वयंपाकघर. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात स्टीलचा डबा होता. आत साफ करून, हळदमीठ लावून ठेवलेल्या तारल्या. तिच्या हातच्या. मी डबा हातात घेतला, सगळे भोवती जमले... मुक्ता हळूच म्हणाली, "आजी, हे आता खायचं का?"

सासूबाईंनी डबा माझ्या हातातून घेतला, गॅस पेटवला आणि तवा ठेवला.

"खायचं, बाई," त्या म्हणाल्या. "कुंदानं ठेवलं हाये. तपासूनच ठेवलं असन."